फळी समतोल झाली, पण नियम कळला का? : तरफ आणि व्यस्त चलन यांवरील एका पाठमालेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातवीच्या एका वर्गाचे आहे. शाळा, शिक्षक किंवा विद्यार्थी ओळखू येतील असे तपशील येथे दिलेले नाहीत. वर्गात काय शिकवले गेले, मुलांनी काय उत्तरे दिली आणि शिक्षकांनी कोणते निर्णय कोणत्या क्रमाने घेतले, एवढेच मांडले आहे.

शाळेत विज्ञानाच्या अभ्यासक्रमात तरफ आणि गणिताच्या अभ्यासक्रमात व्यस्त चलन (एक राशी जितक्या पटीने वाढते तितक्या पटीने दुसरी घटते असा संबंध) हे दोन घटक एकाच सत्रात येत होते. आजवर ते वेगवेगळे शिकवले जात. गणिताच्या तासाला कामगारांची संख्या आणि कामाचे दिवस यांची उदाहरणे सोडवली जात. ही उदाहरणे सोयीची असली तरी त्यांत एक अडचण आहे. कामगार दुप्पट केले की दिवस नेमके निम्मे होतात हे आपण गृहीत धरतो, ते मुलाला कुठे पाहायला मिळत नाही. टेकूवर ठेवलेली फळी मात्र हा नियम खरोखर पाळते. वजन दुप्पट केले तर अंतर निम्मे करावेच लागते, नाहीतर फळी कलते. म्हणून विज्ञानशिक्षिका आणि गणितशिक्षक यांनी दोन्ही घटक एकत्र करून, मुलांनी स्वतः हाताळून शिकावे अशी एक छोटी पाठमाला आखली.

साधन म्हणून त्यांनी कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील ‘फेट’ प्रकल्पाचे ‘बॅलन्सिंग ॲक्ट’ हे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारी प्रतिकृती, निवडले. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प विज्ञान आणि गणिताची सिम्युलेशने विनामूल्य उपलब्ध करून देतो. या सिम्युलेशनमध्ये मध्यभागी टेकू असलेली एक फळी असते. तिच्यावर टेकूपासून ठरावीक अंतरांवर विटा किंवा इतर वस्तू ठेवता येतात. फळीखाली दोन्ही बाजूंना आधाराचे खांब असतात. ते जागेवर असेपर्यंत फळी हलत नाही आणि काढले की ती एका बाजूला कलते किंवा आडवी राहते. शेवटी खेळाचा विभाग आहे, ज्यात पायरीपायरीने प्रश्न सोडवून गुण मिळतात. खांबांचा हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून तो आधीच नोंदवला आहे.

टॅब्लेट कमी असल्यामुळे तीन-तीन मुलांचे गट करण्यात आले. पहिल्या काही तासांचे स्वरूप साधे होते. थोडी ओळख, मग मोकळे हाताळणे, मग सरावाचे प्रश्न आणि शेवटी खेळ. मुले रमली, आणि बहुतेक गटांनी खेळाच्या सोप्या पायऱ्या पार केल्या. दोन्ही शिक्षक समाधानी होते.

अडचण कुठे दिसली

त्यानंतर एक छोटी लेखी चाचणी झाली. तिच्यातील एक प्रश्न असा होता : फळीच्या डाव्या बाजूला टेकूपासून सहाव्या खुणेवर २ वजने आहेत आणि उजव्या बाजूला चौथ्या खुणेवर ४ वजने आहेत, तर फळी कोणत्या बाजूला कलेल? डावीकडे २ × ६ = १२ आणि उजवीकडे ४ × ४ = १६, म्हणून फळी उजवीकडे कलते. वर्गातील अर्ध्याहून अधिक मुलांनी लिहिले, ‘समतोल राहील.’ कारणाच्या ओळीत कित्येकांनी बेरीज मांडली होती : दोन आणि सहा आठ, चार आणि चार आठ.

याच मुलांनी आदल्या तासाला खेळातील पायऱ्या पार केल्या होत्या. पडद्यावर फळी समतोल करता येणाऱ्या मुलाला कागदावर तीच फळी का समजत नव्हती, हा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहिला.

पहिली प्रतिक्रिया नेहमीची होती : मुलांनी प्रश्न नीट वाचला नाही, चित्र नव्हते म्हणून गोंधळ झाला. विज्ञानशिक्षिकेने हे स्पष्टीकरण मान्य केले नाही, आणि ते बरोबरच होते. घाईने किंवा दुर्लक्षाने झालेल्या चुका विखुरलेल्या असतात. इथे निम्म्या वर्गाने एकच चूक, एकाच कारणासह, नीटनेटक्या अक्षरात लिहिली होती. त्या चुकीमागे काहीतरी नियम होता.

निदान

शिक्षिकेने काही मुलांना एकेकटे बसवून सिम्युलेशन पुन्हा हाताळायला सांगितले आणि हात चालू असताना मनात काय चालले आहे ते मोठ्याने बोलायला लावले. मुले काय करत होती ते लगेच दिसले. खेळ सुरू होताच ती आधाराचे खांब काढून टाकत आणि मग वीट कुठेतरी ठेवून फळी कुठे कलते ते पाहत. फळी उजवीकडे गेली की वीट टेकूकडे सरकवायची, डावीकडे गेली की बाहेर न्यायची, आडवी झाली की पुढचा प्रश्न. हे करायला एकच गोष्ट माहीत असावी लागते : बाहेर नेले की ती बाजू जड होते. किती जड होते, याचा विचार करण्याची वेळच येत नाही, कारण उत्तर पडदाच देतो आणि तेही क्षणात.

ही युक्ती चुकीची नाही. प्रत्यक्ष फळी समतोल करायची असेल तर शहाणा माणूसही हेच करील. पण शिक्षकांना अपेक्षित होता तो वजन आणि अंतर यांच्यातील संबंध, आणि त्या संबंधाची गरज पडण्याआधीच प्रश्न सुटत होता. खेळात मिळालेले गुण या सरकवण्याच्या कौशल्याचे होते.

दुसरे कारण शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या सरावप्रश्नांत सापडले, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयोगी निरीक्षण हेच आहे. तिसऱ्या खुणेवर ४ वजने आणि चौथ्या खुणेवर ३ वजने, चौथ्या खुणेवर २ आणि दुसऱ्या खुणेवर ४, अशा अदलाबदलीच्या जोड्यांची त्या प्रश्नांत रेलचेल होती. अशा जोडीत गुणाकार समान असतोच, पण बेरीजही समान असते. ४ × ३ = ३ × ४ आणि ४ + ३ = ३ + ४. म्हणजे बेरजेचा नियम मनात धरून बसलेल्या मुलाला प्रत्येक प्रश्नागणिक ‘बरोबर’ अशी पावती मिळत होती. उरलेले प्रश्न दुप्पट आणि निम्मे या प्रकारचे होते. तेथे बेरीज चालत नाही, पण ‘इकडे दुप्पट तर तिकडे निम्मे’ एवढे माहीत असले की भागते. प्रमाण तीनास दोन झाले की तीच मुले पुन्हा बेरजेकडे वळतात. गुणोत्तर शिकवणाऱ्या कोणालाही हे अपरिचित नाही.

या चुकीला पूर्वेतिहास आहे. समतोल फळीचा प्रश्न मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इनहेल्डर यांनी मुलांच्या प्रमाणविचाराच्या अभ्यासासाठी वापरला होता. पुढे १९७६ मध्ये रॉबर्ट सिग्लर यांनी मुले या प्रश्नात कोणकोणते नियम वापरतात याची चढती मांडणी केली. आधी फक्त वजन पाहणे, मग वजने सारखी असतील तरच अंतर पाहणे, मग दोन्ही पाहणे पण ती एकमेकांविरुद्ध गेली की अडखळणे, आणि शेवटी गुणाकार. आपल्या वर्गातील बहुतेक मुले तिसऱ्या टप्प्यावर होती आणि अडखळण्याऐवजी त्यांनी बेरजेचा आधार घेतला होता. कोणते प्रश्न विचारले म्हणजे एक नियम दुसऱ्यापासून वेगळा काढता येतो, ही सिग्लर यांच्या पद्धतीची गुरुकिल्ली आहे. या वर्गाच्या सरावात नेमका तोच विचार झालेला नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता : सूत्र सांगावे, ‘वजन गुणिले अंतर दोन्ही बाजूंना समान’, आणि दहा-बारा उदाहरणे करून घ्यावीत. गणितशिक्षक सुरुवातीला याच बाजूचे होते. अभ्यासक्रम मागे पडत होता आणि या मार्गाने पुढच्या चाचणीतील उत्तरे सुधारली असती यात शंका नव्हती. या पर्यायाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही, योग्य वेळी सांगितलेले सूत्र मुलाचे बरेच श्रम वाचवते. प्रश्न वेळेचा होता. ज्याला आपली बेरीज चुकली आहे हेच अजून पटलेले नाही, त्याच्यासाठी गुणाकार हा बाईंनी सांगितलेला आणखी एक नियम ठरला असता.

दुसरा पर्याय म्हणजे टॅब्लेटवरील प्रत्येक कृती क्रमवार सांगणारी तपशीलवार कृतिपत्रिका. ‘वीट तिसऱ्या खुणेवर ठेवा, खांब काढा, निरीक्षण लिहा.’ यामुळे वर्ग शिस्तीत चालला असता, पण विचार करणारा पुन्हा कृतिपत्रिका लिहिणारा शिक्षकच राहिला असता. हा पर्याय फारशा चर्चेविना बाजूला पडला.

तिसरा पर्याय सिम्युलेशन बंद करून खरी मीटरपट्टी, दोरा आणि वॉशर घेण्याचा होता. विज्ञानशिक्षिकेचा कल इकडे होता. खऱ्या वस्तूवर मुलांचा विश्वास असतो आणि ती झटपट सरकवून चालत नाही. पण तिच्यात त्रुटीही असतात आणि नियमाची चाहूलच लागलेली नसताना त्रुटींनी गोंधळ वाढेल, ही भीती होती.

चौथा पर्याय साधन तेच ठेवून वापराची पद्धत बदलण्याचा होता : खांब जागेवर ठेवायचे, प्रत्येकाने भाकीत लिहायचे, चर्चा करायची आणि मगच खांब काढायचे. रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी मांडलेली ‘भाकीत, निरीक्षण, स्पष्टीकरण’ ही पद्धत विज्ञानशिक्षकांना परिचित आहे. २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गातील प्रात्यक्षिकांबद्दल केलेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. ज्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक नुसते पाहिले, त्यांची समज ते न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच चांगली आढळली, तर आधी भाकीत करणाऱ्यांना खरा लाभ झाला. तो अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा होता आणि सातवीच्या वर्गाला तो जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. पण टॅब्लेटवर बोट फिरवणारे मूलही नुसते पाहतच असू शकते, हे शिक्षकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

शेवटी असे ठरले की चौथा पर्याय आधी, तिसरा त्याच्या मागोमाग आणि सूत्र सर्वांत शेवटी. सिम्युलेशन आधी की मीटरपट्टी आधी, यावर दोघांचे एकमत झाले नाही. सिम्युलेशनमधील आकडे स्वच्छ असतात हा गणितशिक्षकांचा युक्तिवाद तूर्त मान्य करण्यात आला.

काय केले

गटातील कामे प्रथम वाटून देण्यात आली. एकाने टॅब्लेट हाताळायचा पण निर्णय सांगायचा नाही, दुसऱ्याने सांगायचे पण टॅब्लेटला हात लावायचा नाही, तिसऱ्याने सर्वांची भाकिते आणि कारणे लिहायची. दर प्रश्नाला कामे बदलायची. यापूर्वी ज्याच्या हातात टॅब्लेट तोच गटाचा मेंदू होत असे. आता करायचे काय हे शब्दांत सांगावे लागू लागले आणि ‘तिकडे सरकव’ऐवजी ‘तिसऱ्या खुणेवर ठेव, कारण...’ अशी वाक्ये ऐकू येऊ लागली. भाकीत पेनानेच लिहायचे, खोडायचे नाही, असाही नियम होता.

प्रश्न नव्याने निवडण्यात आले. पहिला निर्णायक प्रश्न होता : डावीकडे आठव्या खुणेवर १ वजन, उजवीकडे चौथ्या खुणेवर ३ वजने. बेरजेने डावी बाजू नऊ आणि उजवी सात, म्हणजे फळी डावीकडे कलायला हवी. गुणाकाराने आठ आणि बारा, म्हणजे उजवीकडे. दोन नियम इथे उघडपणे समोरासमोर येतात. वर्गाची विभागणीही तशीच झाली. बेरीजवाल्यांचा युक्तिवाद ठाम होता, ‘आठ खुणा म्हणजे फार लांब आहे, बाई.’ खांब काढले आणि फळी उजवीकडे गेली.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. मुलांनी बेरीज सोडली खरी, पण तिच्या जागी लगेच दुसरा चुकीचा नियम उभा केला : ‘वजनाला जास्त महत्त्व असते, अंतराला कमी.’ तो खोडून काढणे शिक्षिकेला सहज शक्य होते. तिने त्याऐवजी गटांना सांगितले, ‘तुमचा नियम आणि शेजारच्या गटाचा नियम ज्यात वेगवेगळे उत्तर देतील, असा प्रश्न तुम्हीच तयार करा.’ यात बराच वेळ गेला. अनेक गटांनी तयार केलेले प्रश्न निरुपयोगी होते, कारण दोन्ही नियम त्यांत एकच उत्तर देत. पण प्रश्न निरुपयोगी का आहे हे कळणे हाच अर्धा अभ्यास होता. शेवटी एका गटाने सहाव्या खुणेवर २ आणि तिसऱ्या खुणेवर ३ वजने अशी जोडी मांडली. वजन उजवीकडे जास्त, तरी फळी डावीकडे कलली, आणि ‘वजनाला जास्त महत्त्व’ हा नियमही गेला.

गुणाकार वर्गात आला तो एका विद्यार्थिनीच्या बोलण्यातून, आणि तोही बेरजेच्याच वाटेने. तिने सांगितले, ‘सहाव्या खुणेवर दोन वजने आहेत, तर अंतर एकदाच का मोजायचे? पहिले वजन सहा लांब आहे आणि दुसरेही सहा लांब आहे. मग सहा आणि सहा बारा.’ चौथ्या खुणेवरील चार वजनांसाठी तिने चार वेळा चार मिळवले आणि सोळा आणले. ज्या बेरजेमुळे वर्ग अडला होता, तीच प्रत्येक वजनासाठी स्वतंत्रपणे केली की गुणाकार होते. गणितशिक्षकांनी हा धागा लगेच पकडला आणि पडताळ्यासाठी प्रश्न दिला : डावीकडे दुसऱ्या खुणेवर १ आणि सहाव्या खुणेवर १ वजन ठेवले आणि उजवीकडे चौथ्या खुणेवर २ ठेवली, तर? दोन आणि सहा आठ, चार आणि चार आठ. फळी आडवी राहिली.

पुढचे तास मीटरपट्टीचे होते. दर ४ सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही बाजूंना बारा-बारा खुणा करण्यात आल्या. पहिल्या प्रयत्नात काही गटांनी पट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवली आणि ती काही केल्या स्थिर राहीना. ‘टॅब्लेटवर राहते, इथे राहत नाही’ ही तक्रार रास्त होती. आधार गुरुत्वमध्याच्या, म्हणजे पट्टीचे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानतात त्या बिंदूच्या, खाली असेल तर पट्टी जरा कलताच आणखी कलत जाते. तीच पट्टी मधोमध, पण मध्यरेषेच्या किंचित वर भोक पाडून दोऱ्याने टांगली की ती कलूनही परत आडवी येते. हे करून पाहिल्यावर काम सुरळीत झाले. पट्टी नेमक्या ५० सेंटिमीटरवर समतोल नव्हती, तेव्हा हलक्या बाजूला मातीची छोटी गोळी चिकटवून ती आडवी केली.

तरीही ३ वॉशर चौथ्या खुणेवर आणि ४ वॉशर तिसऱ्या खुणेवर टांगल्यावर काही गटांची पट्टी थोडी कललीच. वॉशर तंतोतंत सारखे नसतात. काही मुलांनी जाहीर केले की टॅब्लेट खोटे बोलतो. शिक्षिकेने चूक किती मोठी आहे ते मोजायला सांगितले. पट्टी आडवी करण्यासाठी वॉशर काही मिलिमीटर सरकवावे लागले. मग तिने जुनी जोडी लावायला सांगितली, सहाव्या खुणेवर २ आणि चौथ्या खुणेवर ४, जी बेरजेच्या नियमाने समतोल असायला हवी होती. ती आडवी करायला चार वॉशर चौथ्या खुणेवरून तिसऱ्या खुणेपर्यंत, म्हणजे पूर्ण ४ सेंटिमीटर आत आणावे लागले. मिलिमीटरची तफावत उपकरणाची असते आणि सेंटिमीटरची नियमाची, हा फरक सिम्युलेशनमध्ये कळण्याजोगा नाही, कारण तिथे तफावतच नसते.

मग गणिताचा भाग आला. एका बाजूला एकूण परिणाम, म्हणजे वजन गुणिले अंतर, १२ ठेवून दुसऱ्या बाजूला ते साधणाऱ्या जोड्यांचा तक्ता पट्टीवरूनच भरण्यात आला : १ वजन बाराव्या खुणेवर, २ सहाव्या, ३ चौथ्या, ४ तिसऱ्या, ६ दुसऱ्या आणि १२ पहिल्या. आलेख काढताना अनेकांनी केवळ पहिला आणि शेवटचा बिंदू मांडून पट्टीने सरळ रेषा ओढली. गणितशिक्षकांनी त्या रेषेवर ५ वजनांसाठी कोणते अंतर येते ते विचारले. रेषेने आठवी खूण सांगितली, म्हणजे ३२ सेंटिमीटर. गुणाकाराने १२ ÷ ५ = २.४ खुणा, म्हणजे ९.६ सेंटिमीटर. पाच वॉशर दोन्ही ठिकाणी टांगून पाहिल्यावर रेषेचा निकाल लागला. (१, १२) आणि (१२, १) यांना जोडणाऱ्या त्या रेषेवर वजन आणि अंतर यांची बेरीज सर्वत्र १३ असते. म्हणजे बेरजेचा नियमच आलेखाच्या रूपाने परत आला होता. गणितशिक्षकांनी हे फळ्यावर दाखवले तेव्हा विज्ञानशिक्षिकेलाही ते नवीन होते. नंतर जिओजेब्रा या गणिताच्या संगणक-साधनावर वक्र काढून एकूण परिणाम १२ वरून २४ वर नेला की वक्र कसा बाहेर सरकतो, ते थोडक्यात दाखवण्यात आले. सूत्र याच्याही नंतर फळ्यावर आले, आणि तोपर्यंत ते बहुतेकांच्या वहीत आधीच लिहिलेले होते.

परिणाम

पाठमालेच्या शेवटी घेतलेल्या चाचणीत नियमांना वेगळे काढणारेच प्रश्न होते. पूर्वी बेरीज मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आता गुणाकार वापरला आणि अनेकांनी त्याचे कारणही लिहिले. काही मुले आकडे मोठे झाले की पुन्हा बेरजेवर आली.

अधिक बोलका होता तो दोन वजने एकाच बाजूला वेगवेगळ्या खुणांवर असलेला प्रश्न. प्रत्येक वजनाचे अंतर स्वतंत्र मोजायचे हे ज्यांनी समजून घेतले होते, त्यांना तो जड गेला नाही. सूत्र पाठ असलेली काही मुले तिथेच थांबली. ‘यात अंतर कोणते घ्यायचे?’ असे एकाने उत्तरपत्रिकेतच विचारले होते. एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांचा प्रश्न, म्हणजे २४ दात्यांचे चाक एक फेरा घेते तेव्हा १२ दात्यांचे किती घेते, बहुतेकांनी सोडवला. पण तेथे दुप्पट-निम्म्याचे गणित असल्यामुळे त्यावरून व्यस्त चलन समजले असा निष्कर्ष काढता येत नाही. १८ आणि १२ दाते घेतले असते तर तो प्रश्न काही सांगू शकला असता.

पाठमालेला ठरवलेल्या वेळेच्या सुमारे दुप्पट वेळ लागला आणि पुढचा एक घटक आखडता घ्यावा लागला. तुलनेसाठी दुसरा वर्ग नव्हता. त्यामुळे सुधारणा भाकितांमुळे झाली, मीटरपट्टीमुळे झाली की त्याच विषयावर दुप्पट वेळ दिल्यामुळे झाली, हे या प्रकरणावरून वेगळे करता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

नियमांना वेगळे काढणारे तीन-चार प्रश्न पाठमालेच्या आधीच विचारता आले असते. मुले कोणता नियम घेऊन वर्गात येतात हे पहिल्याच दिवशी कळले असते, आणि सरावाचे प्रश्न निवडताना अदलाबदलीच्या जोड्यांचा मोह टळला असता. माझ्या दृष्टीने हा बदल सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा आहे, कारण त्याला टॅब्लेटसुद्धा लागत नाही.

भाकितांच्या वेळी हात वर करायला लावण्याची पद्धत पुरेशी काळजीपूर्वक नव्हती. लाजरी मुले आधी इतरांचे हात पाहत आणि मग लिहीत. सर्वांचे लिहून झाल्याखेरीज कोणाचेही उत्तर उघड होऊ न देणे जमण्यासारखे होते. काही मुलांना चुकीचे भाकीत पेनाने वहीत राहणे खटकले. त्यांना त्या पानावरच ‘आधी मला असे वाटले होते, आता असे वाटते’ अशी जोड-नोंद करायला सांगितले असते, तर चूक लपवण्याऐवजी ती वापरता आली असती.

मीटरपट्टी आधी आणावी की नंतर, यावर दोन्ही शिक्षकांची मते अजून वेगळीच आहेत. विज्ञानशिक्षिकेचे म्हणणे असे की पट्टी आधी आली असती तर मुलांनी सिम्युलेशनकडे सोपे केलेले चित्र म्हणून पाहिले असते, खरे-खोटे ठरवणारा न्यायाधीश म्हणून नव्हे. गणितशिक्षकांचे म्हणणे असे की मिलिमीटरच्या तफावतीतून नियम शोधणे सातवीतल्या मुलाला झेपले नसते. मला दुसरे मत अधिक पटते, पण पट्टीचा एक छोटा, मोजमाप नसलेला अनुभव सुरुवातीला द्यायला हरकत नव्हती.

एक गट मात्र पूर्ण दुर्लक्षित राहिला. वर्गातील मोजक्या मुलांना गुणाकाराचा नियम पहिल्या चाचणीच्या वेळीच येत होता, आणि भाकितांच्या तासांना ती कंटाळून बसत. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षाकरिता एक प्रश्न तयार करून ठेवला आहे. पट्टी ५० ऐवजी ४० सेंटिमीटरवर टांगायची आणि आखूड बाजूला १५ सेंटिमीटरच्या खुणेवर वॉशर लावून ती आडवी करायची. पट्टीचा गुरुत्वमध्य आता टेकूपासून १० सेंटिमीटरवर आहे आणि वॉशर २५ सेंटिमीटरवर. तिथे चार वॉशर लागले तर पट्टीचे स्वतःचे वजन किती वॉशरएवढे आहे, हे मुलांनी काट्यावर न ठेवता सांगायचे आणि मग काट्यावर ठेवून पाहायचे.